काका झाला

१४ जून

प्रिय भाऊजी,

तुमच्याकडे सगळे ठीक असतील असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघा चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो, म्हणजे माझ्यासारखाच झाला आहे. मुलगी दर रविवारी फोन करते आणि दर रविवारी विचारते, "आई, जेवलीस का?" जेवले नाही म्हटलं तर ती तिकडून काय करणार आहे, देव जाणे.

परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "वहिनी, काकांचा फोन अजून चालू आहे का?" तेवढ्यात दूध वर आलं आणि उत्तर राहून गेलं. फोनवर मला तसंही नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते. सातवीत शाळा सुटलेली बाई मी. वाचायला शिकले ती यांनी आणलेली पुस्तकं वाचून, आणि जे समजलं नाही ते वहीत उतरवून. अजून तीच सवय आहे. हाताने लिहिलं की डोक्यात बसतं.

तर हो, तुमच्या काकांचा, म्हणजे यांचा, फोन चालू आहे. रोज सकाळी मी तो चार्ज करते. त्यात यांचे फोटो आहेत, मुलीचे निरोप आहेत आणि तुमचा तो ऑफिसचा ग्रुप आहे, 'चहा आणि चुका'. त्यातून यांचं नाव कुणी काढलं नाही. आधी वाटलं, मान म्हणून ठेवलं असेल. मग कळलं, कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मी तो ग्रुप वर्षभर वाचते आहे. राग मानू नका. घरात आवाज हवा असतो. सुरुवातीला काही कळायचं नाही, आता बरंच कळतं. सकाळी दहाला तुमचा पार्सल (घरून काम करतो म्हणून पार्सल, हेही मला कळलं) जगाची बातमी टाकतो. अमक्या कंपनीने चारशे जणांना नाश्त्याच्या वेळी एका मेलने घरी बसवलं. प्रोग्रॅम लिहिणारं नवं यंत्र निघालं. त्यावर टेस्टर लिहिते, "यंत्र लिहील रे, पण त्याच्या चुका शोधायला मीच लागेन, माझी नोकरी पक्की." त्यावर पार्सल, "यंत्राला निदान मॅनेजरचं ऐकून घ्यावं लागत नाही." मग तुम्ही, भाऊजी, शेवटचा शब्द तुमचा असतो: "चाळिशीनंतर प्रोग्रॅमर आणि पिकलेलं केळं, दोन्ही लवकर संपवावीत." मी एकटीच हसले होते. मग आठवलं की हे बावन्नचे होते.

एक विचारायचं होतं. ग्रुपमध्ये काही बिघडलं की तुम्ही सगळे लिहिता, "आज माझ्याकडून काका झाला." शुक्रवारी कुणी घाईत काम उरकायला निघालं की लिहिता, "बाबा रे, काका करू नकोस." पूर्वी ऑफिसात काही अडलं की सगळ्यांचे फोन यायचे, "काका, मला वाचवा!" आणि हे ताटावरून उठून जायचे. त्याच काकाचा हा अर्थ कधी झाला? वर्षभरात मी मोजलं नाही, पण आठवड्याला दोनदा तरी होतो काका.

अजून एक. यांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तुमचा एक निरोप आला होता, ग्रुपवर नाही, थेट यांच्या नावावर. मी चष्मा घालेपर्यंत तुम्ही तो काढून टाकलात. 'संदेश काढून टाकला आहे' एवढीच ओळ उरली. चुकून आला असेल. होतं असं.

सवड काढून एकदा या. त्या शुक्रवारी काय झालं होतं, ते मला कुणी नीट समजावलेलं नाही. तुम्ही यांचे सगळ्यांत जवळचे. तुम्ही सांगितलंत तर कळेल. चहा करीन.

तुमची
वहिनी

*

२७ जून

भाऊजी,

तुम्ही आलात, बरं वाटलं. बिस्किटांना हात लावला नाहीत. तुमचा रंग उतरलेला दिसला, झोप पूर्ण होत नसावी.

तुम्ही गेल्यावर मी आपलं बोलणं वहीत उतरवून काढलं. काही राहिलं असेल तर सांगा.

मी विचारलं, "हे बिघडवलं कुणी, ते तुम्हाला कळतं कसं?"

तुम्ही म्हणालात, "वहिनी, आमच्याकडे प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीची नोंद असते. कुणी बदलली, कधी बदलली, कुठल्या मशीनवरून. शुक्रवारी पावणेपाचला काकांच्या मशीनवरून एक बदल गेला. त्याने शनिवारी रुग्णांनी दवाखान्यांत घेतलेल्या सगळ्या वेळा पुसल्या गेल्या. नावही काकांचंच."

"म्हणजे नाव ज्याचं, काम त्याचंच?"

"मशीन खोटं बोलत नाही वहिनी."

"आणि त्या मशीनवर दुसरं कुणी बसलं तर?"

तेव्हा तुम्ही पाणी मागितलंत. मी पाणी दिलं. तुम्ही ते संपवलंत आणि म्हणालात, "काका स्वतःच्या मशीनला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

भाऊजी, हे मात्र तुम्ही विसरलात. तुमच्या ऑफिसात कुणी मशीन उघडं टाकून उठलं की दुसऱ्याने तिथे बसून त्याच्या नावाने ग्रुपवर लिहायचं, 'उद्या सगळ्यांना चहा माझ्याकडून', ही तुमची रीत. धडा शिकवायची गंमत. यांच्यावर ती दोनदा आली होती. दोन्ही वेळा हे डबा धुवायला गेले होते. जेवून झाल्यावर धुतला तरी पाचला घरी निघण्यापूर्वी डबा पुन्हा एकदा विसळायचा, ही यांची खोड. मशीन उघडं, माणूस बेसिनवर. ऑफिसभर ठाऊक होतं. घरी येऊन हे हसत सांगायचे, "आज पुन्हा गंडवलं गं सुसाटने." सुसाट म्हणजे तुम्ही. कामाला सुसाट म्हणून.

मी तुम्हाला तीन वेळा दार उघडून दिलं. एकदा पत्रात, एकदा पाणी देताना आणि एकदा तुम्ही चपला घालत होतात तेव्हा, "आणखी काही सांगायचं आहे का?" असं विचारून. तुम्ही म्हणालात, "काही मदत लागली तर हक्काने सांगा."

आता हक्काने सांगते. त्या दिवशी चष्मा माझ्या नाकावरच होता.

निरोप आला तेव्हा फोन माझ्या हातात होता. मी तो वाचला. पुन्हा वाचला. आणि सवयीप्रमाणे वही ओढून उतरवायला बसले. शेवटची ओळ राहिली होती, तेवढ्यात पडद्यावरून तो गेला. वाचल्याची खूण तुम्हाला तिकडे दिसली असणार. जगाला अक्कल शिकवणारा प्रोग्रॅमर, आणि मेलेल्या माणसाचा फोन जिवंत असतो हे सुचलं नाही! माझ्या वहीत आहे ते असं:

"काका, वर्ष झालं. तो बदल मी पाठवला होता. माझं मशीन बॅगेत गेलं होतं, तुमचं उघडं होतं. पाच मिनिटांचं काम वाटलं. सोमवारी सांगणार होतो, पण त्याच आठवड्यात माझ्या बढतीचं होतं. मग तुम्हीच माफी मागितलीत, मग सांगायचं राहिलं"

पुढची ओळ मला आठवते, पण मी ती लिहिणार नाही. उतरवली नव्हती, म्हणून ती पुराव्यात धरत नाही. तुमच्यासारखं मी नसलेलं कुणाच्या नावावर टाकत नाही.

माझ्या वहीला तुमच्या मॅनेजरबाई विचारणार नाहीत, हे मला कळतं. म्हातारीचं अक्षर, कुणीही लिहील. पण तुमच्याकडे एक कागद आहे. काही बिघडलं की काय घडलं ते लिहून ठेवायचं. तुम्ही त्याला पोस्टमॉर्टेम म्हणता. यांचं खरं पोस्टमॉर्टेम झालं नाही, डॉक्टर म्हणाले गरज नाही, हृदय थांबलं आहे. पण तुमच्या ऑफिसात यांचं पोस्टमॉर्टेम अजून चालू आहे. नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात तो कागद वाचायला देतात आणि दर तीन महिन्यांनी तुम्ही स्वतः उभं राहून तो समजावता. "काकांची गोष्ट" म्हणतात त्याला. हे मला टेस्टरच्या विनोदातून कळलं.

पुढच्या गुरुवारी अकरा वाजता तुमची ती गोष्ट आहे. मी मॅनेजरबाईंना पत्र लिहिलं की माझ्या नवऱ्याच्या चुकीतून मुलं शिकतात ते एकदा पाहायचं आहे. त्यांचा लगेच फोन आला. गहिवरून म्हणाल्या, "अवश्य या, गाडी पाठवते." मी म्हटलं, गाडी नको, बस आहे.

पहिल्या रांगेत खुर्ची ठेवणार आहेत. मी एक शब्द बोलणार नाही. वही मांडीवर असेल. तुम्ही नेहमीसारखं सांगा किंवा वेगळं सांगा. मी फक्त ऐकेन आणि उतरवून घेईन.

वहिनी

*

११ जुलै

भाऊजी,

तुमचा निरोप पोचला. या वेळी माझ्या नंबरवर पाठवलात, सुधारणा आहे. "वहिनी, खूप हलकं वाटतंय. दोन वर्षं छातीवर दगड होता. तुम्ही मला माफ केलंत असं समजतो."

असं समजू नका.

गुरुवारी काय झालं, ते मी माझ्या बाजूने सांगते. तुमच्या बाजूने तुम्ही ते सगळीकडे सांगतच असाल.

तुम्ही उभे राहिलात. माझ्याकडे पाहिलंत, वहीकडे पाहिलंत. मागच्या पडद्यावर यांचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. मला वाटलं, आता. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते आता. तुम्ही म्हणालात, "ही गोष्ट मी आजवर चुकीची सांगत आलो. तो बदल काकांचा नव्हता, माझा होता." आणि सगळं सांगितलंत, बॅग, पावणेपाच, बढती. काही लपवलं नाहीत, ते मी मान्य करते.

मी पेन्सिल घट्ट धरली. मला बघायचं होतं लोक तुमच्याकडे कसं बघतात. चूक उघडी पडली त्या सोमवारी यांच्याकडे बघितलं होतं तसं. कुणी जवळ न बसण्याइतकं.

आणि मागून एक मुलगा टाळ्या वाजवायला लागला.

मग सगळेच. "सर, मानलं तुम्हाला!" एक मुलगी रडत होती. मॅनेजरबाई पुढे आल्या, तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चूक कबूल करायला भीती वाटू नये, असं आपण नेहमी म्हणतो. आज सरांनी ते करून दाखवलं." मग त्या माझ्याकडे वळल्या, "आणि काकूंचं मोठेपण बघा." म्हणजे मलाही तुमच्या टाळ्यांत ओढलंत.

चोरी कबूल केली म्हणून चोराची मिरवणूक निघालेली मी पहिल्यांदा पाहिली. ऑफिसात हे आधी म्हणाले होते, "मी केलं नाही." ते खरं होतं, त्याला कुणी टाळी वाजवली नाही. प्रोग्रॅमिंग काढून घेतलं, माहितीपुस्तिका लिहायला बसवलं, पुढच्या छाटणीत पहिलं नाव यांचं. मग एकतीस ठिकाणी अर्ज. मुलीच्या वयाची पोरं यांना कोडी घालायची. शेवटच्या दिवशी हे तसल्याच एका परीक्षेला बसले होते, घरच्या टेबलावर, दुपारी. मी आत डाळ निवडत होते. बाहेर आले तर मान खाली होती आणि पडद्यावरचं घड्याळ उलटं चालूच होतं. बावीस मिनिटं उरली होती. मी ती सगळी बावीस मिनिटं पाहिली. ते बंद कसं करतात, मला ठाऊक नव्हतं.

तुम्ही मारलंत असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी हृदय सांगितलं, मला ते पटतं.

आता जे मला टाळायचं होतं तेही लिहिते, कारण तुमची कबुली मी ऐकली आणि माझी कुणी ऐकलेली नाही.

त्या सोमवारी हे घरी आले. चपला काढल्या नाहीत, तसेच खुर्चीत बसले. म्हणाले, "मला आठवत नाही गं मी असं काही केल्याचं. पण नाव माझं आहे. तुला काय वाटतं, मी केलं असेन?"

मी भाजी चिरत होते. मी म्हटलं, "चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधता. केलं असेल. माफी मागून मोकळे व्हा, म्हणजे मिटेल."

एवढंच. मान वरसुद्धा केली नाही मी.

दुसऱ्या दिवशी यांनी माफीचं पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं. मी एक शब्द सुधारून दिला, कारण तो मला फार कडक वाटला. तेच पत्र पुढे त्या कागदाला जोडलं गेलं आणि त्याच्या आधारावर तुम्ही गप्प राहिलात. तुमच्या त्या काढून टाकलेल्या निरोपात तेच होतं, "मग तुम्हीच माफी मागितलीत." ती माफी मी मागायला लावली होती. त्यानंतर हे गॅस तीनदा बघायचे. कुलूप ओढून बघायचे, जिन्यावरून परत यायचे. स्वतःवरचा विश्वास उडालेला माणूस घरात कसा वावरतो ते मी अकरा महिने पाहिलं आणि तेव्हाही म्हणत राहिले, "वय झालं तुमचं."

तुम्ही यांचं नाव खराब केलंत. यांना ते खरं वाटायला लावलं मी. तुम्हाला माफ केलं तर मला स्वतःलाही करावं लागेल, आणि ते मी करणार नाही.

ग्रुप मी वाचतेच आहे. गुरुवारी संध्याकाळी वाटलं, आता तरी ते 'काका झाला' थांबेल. शुक्रवारी टेस्टरने लिहिलं, "आज मी सुसाट केलं. माझी चूक मीच जाऊन सांगितली." सगळ्यांनी वाहवा केली. म्हणजे तुमच्या नावाचा अर्थ आता धाडस. आणि त्याच दिवशी दुपारी पार्सलने लिहिलं, "माझ्याकडून काका झाला, अर्धा तास सगळं बंद." नऊ जण हसले. कुणी त्याला अडवलं नाही. मी टेस्टरला फोन केला, नंबर होताच. ती खरंच ओशाळली, पण म्हणाली, "काकू, सवय हो जिभेची. कुणी मनात काही ठेवून म्हणत नाही."

तो कागद तुम्ही दुरुस्त केलात, कळलं. कागद सोपा असतो. जीभ कोण दुरुस्त करणार?

तुम्ही करायची. निरोपाच्या शेवटी तुम्ही विचारलंत ना, "वहिनी, मी आता काय करू?" हे करा. ग्रुपवर जेव्हा जेव्हा कुणी 'काका झाला' लिहील, तेव्हा त्याच्याखाली तुम्ही लिहायचं: "काकांनी केलं नव्हतं, मी केलं होतं." दर वेळी. पहिल्यांदा लोक म्हणतील, किती मोठं मन. पाचव्यांदा गप्प बसतील. दहाव्यांदा पार्सल म्हणेल, "सर, कळलं हो, पुरे." विसाव्यांदा तुम्ही खोलीत आलात की बोलणं थांबेल. टाळ्या एकदाच वाजतात, भाऊजी. तिथून पुढे तुम्हाला कळेल की सोमवारी यांच्याकडे कसं बघत होते. लग्नात असा, तापात असा, बढती मिळो, नोकरी बदला, त्या ग्रुपमध्ये आहात तोवर लिहायचं. आणि ग्रुप सोडलात, तर तेही मला इकडे दिसतं.

मला असं काही करता येत नाही. मी कुणाच्या खाली लिहू?

हे पत्र दोन दिवसांत तुमच्या हातात पडेल. पार्सलचं ते वाक्य शुक्रवारचं आहे, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांचं. नऊ जण हसले आहेत, नावं मी वाचली आहेत, आठवं नाव तुमचं आहे. त्याच्याखाली अजून जागा रिकामी आहे. तिथून सुरुवात करा.

फोन चार्ज केलेला आहे.

काकांची बायको